चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस, इंडक्शन : गोराईतील एका ओट्याचा इतिहास

१/ गेल्या महिन्यात आमच्या गोराईच्या घरी इंडक्शन शेगडी घ्यावी की नाही, यावर आठ दिवस चर्चा चालली. बाबांचा आग्रह, आईचा विरोध आणि आजीचे मौन. मी इतिहासाची विद्यार्थिनी. त्यामुळे निर्णयापेक्षा प्रश्नातच अधिक रमले. अन्न कशावर शिजवायचे आणि ते ठरवायचे कोणी? मुंबईच्या घरांत हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे विचारला जात आहे. आजचा #धागा त्याविषयी.

२/ आधी जागा. गोराई म्हटले की खाडीपलीकडचे गाव आणि पॅगोडा आठवतो. आम्ही खाडीअलीकडचे, बोरिवली पश्चिमेचे. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप, गोराई आणि मालवणी येथे पाणी-रस्त्यांची सोय असलेले लहान भूखंड दिले गेले. घर ज्याचे त्याने बांधायचे. १९८२ च्या गिरणी संपानंतर आजोबांनी परळची चाळ सोडली आणि अशाच एका भूखंडावर घर बांधले. त्या घराचा ओटा हा या धाग्याचा नायक.

३/ खाडीपलीकडच्या गावात कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. ईस्ट इंडियन घरांचा प्रसिद्ध बॉटल मसाला उन्हाळ्यात मातीच्या भांड्यांत, लाकडाच्या विस्तवावर भाजण्याची आणि मग बाटल्यांत दाबून भरण्याची परंपरा आहे. हे आरंभीच सांगते, कारण पुढे सारे काही एका सरळ रेषेत ‘प्रगत’ होत गेले, असा समज होऊ नये. नवा विस्तव आला म्हणून जुना लगेच विझत नाही.

४/ भाषेत तर तो मुळीच विझलेला नाही. भाऊ वेगळे झाले की ‘चूल वेगळी’ होते. घरोघरी मातीच्याच चुली असतात. स्त्रीचे जग ‘चूल आणि मूल’ एवढ्यात मोजले जाते. मुख्य चुलीच्या उष्णतेवर चालणाऱ्या शेजारच्या तोंडाला ‘वैल’ म्हणतात. म्हणजे एका जाळात दोन भांडी. इंधनाच्या काटकसरीचे हे तंत्र कोणत्याही प्रयोगशाळेपूर्वीचे आहे. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या परिसरात, धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ घडली, तीही याच परंपरेतली.

५/ मुंबईत मात्र चुलीला जागाच नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि १९२० नंतर विकास खात्याने चाळी बांधल्या. एका खोलीत संसार, एका कोपऱ्यात मोरी आणि दुसऱ्यात स्वयंपाक. तेथे कोळशाची शेगडी सोयीची ठरली, कारण ती उचलता येते. गॅलरीत नेऊन पेटवायची, धूर ओसरला की आत आणायची. धूर सामाईक, ऊब खासगी! कोपऱ्यावर लाकूड-कोळशाची वखार असे. महिनाअखेरीला तिची उधारी.

६/ याच मुंबईत कोळशापासून बनलेला गॅस १८६५ पासून उपलब्ध होता. पण तो आधी रस्त्यांवरच्या दिव्यांत जळला. चाळीतल्या शेगडीपाशी बसलेल्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. तिच्या वाट्याला आला तो शब्द. ‘गॅसलाइट’चे मराठी तोंडात ‘घासलेट’ झाले आणि ते चिकटले मात्र वेगळ्याच वस्तूला, दिव्याच्या तेलाला. ‘रॉकेल’ हा शब्दही ‘रॉक ऑइल’वरून आलेला. वस्तू परकी, तिचे नाव घरचे.

७/ आता १८९२ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी ‘म्युरेक्स’ हे तेलवाहू जहाज काळ्या समुद्रावरील बाटुमी बंदरातून रॉकेल घेऊन सुवेझ कालव्यातून पूर्वेकडे गेले. डब्यांऐवजी टाक्यांतून आलेले तेल स्वस्त पडू लागले. पुढे ‘शेल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या व्यवसायाची ही पायाभरणी. आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांचा ‘प्रायमस’ स्टोव्ह अवतरला : दाबाखालच्या रॉकेलची वाफ करून काजळीविना जाळणारा. एकीकडे इंधन स्वस्त होत होते, दुसरीकडे ते जाळण्याचे यंत्र तयार होत होते. या दोहोंची गाठ पुढे आपल्या चाळींत पडली.

८/ पितळेची टाकी, तीन पाय, स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा, पंपाचे दट्टे आणि मग तो घरघराट. पहाटपाळीला जाणाऱ्या गिरणी कामगाराचा चहा दहा मिनिटांत होऊ लागला. नळीचे तोंड तुंबले की स्टोव्हची पिन. गिरणगावात अनेक स्त्रिया घरीच खाणावळ चालवत. त्यांच्या कर्जाच्या आणि सन्मानाच्या प्रश्नावर प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. अशा शहरात ओटा आणि गिरणी यांना वेगळे मानून कामगारांचा इतिहास लिहिता येत नाही.

९/ येथवर टिपणे काढून मी आजीला विचारले, “स्टोव्हची काही आठवण?” आठ दिवस गप्प असलेली आजी म्हणाली, “आमच्या मजल्यावर एक सून जळाली होती. भडका उडाला, असं सगळ्यांनी सांगितलं.” थोडा वेळ थांबून ती पुढे म्हणाली, “मीही तसंच सांगितलं. स्टोव्ह तर कोपऱ्यात होता तसाच होता गं.”

१०/ इतिहासाच्या वर्गात आम्हाला साधनचिकित्सा शिकवतात. त्या काळच्या वृत्तपत्रांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही ओळ एखाद्या छापील नमुन्यासारखी येत राहते. स्टोव्ह खरोखर फुटत, लोक खरोखर भाजत. पण या ओळीआड काय काय दडवले गेले, ते स्त्री-चळवळीने विचारले. १९८३ साली कलम ४९८-अ आले. १९८६ साली ३०४-ब आले : विवाहानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाला असेल, तर तो हुंडाबळी मानावा. १९८३ मध्येच ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आले. माझ्या आजीचे वाक्य मात्र कोणत्याही दप्तरात नाही. तिच्या परवानगीने, नावांशिवाय, ते येथे नोंदवते आहे.

११/ रॉकेलवर आणखी एक इतिहास घडला. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाई वाढली. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या. रॉकेलच्या रांगा लांबल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी संयुक्त आघाडीतील स्त्रिया लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणालताईंचे कार्यक्षेत्र गोरेगाव, म्हणजे आमच्या बोरिवलीपासून तीन स्थानकांवर. ओट्यावरचे हत्यार प्रथमच ओट्याबाहेर आले आणि लाटणे मोर्चा हा शब्द मराठीत रुजला.

१२/ मग गॅस. १९५५ च्या सुमारास बर्मा-शेलने मुंबईत ‘बर्शेन’ नावाने सिलिंडरचा गॅस विकायला आरंभ केला. त्याच काळात तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहत होते. पण गॅस दीर्घकाळ सुस्थितांचा राहिला. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा असे. खासदारांना वाटण्यासाठी जोडण्यांची कुपने मिळत. १९७४ मध्ये बॉम्बे हायमध्ये तेल सापडले, उरणला गॅस येऊ लागला आणि पुरवठा हळूहळू वाढला. १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली व नळातून गॅस येऊ लागला. ‘गॅस बंद कर’ म्हणताना आपण शेगडीविषयी बोलतो, हे कोणाला खटकेनासे झाले.

१३/ सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनुदानित सिलिंडरवर वर्षाला सहाची मर्यादा घातली. ती जानेवारी २०१३ मध्ये नऊ आणि २०१४ मध्ये बारा झाली. पण मधल्या काळात मध्यमवर्गीय घरांचे लक्ष दुकानातल्या एका काळ्या काचेच्या पाटाकडे वळले होते : इंडक्शन.

१४/ हे यंत्र वाटते तितके नवे नाही. १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवले. १८५५ साली लिओन फूको यांनी धातूत निर्माण होणाऱ्या भोवरी प्रवाहांचा अभ्यास केला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील फ्रिजिडेअरच्या प्रात्यक्षिकात भांडे आणि शेगडी यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखवत. कागद जळत नसे. १९७० च्या दशकात वेस्टिंगहाउसने घरगुती शेगडी सादर केली. विद्युत अर्धवाहक स्वस्त झाल्यावर ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

१५/ काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. त्यामुळे भांड्याच्या बुडात भोवरी प्रवाह उठतात आणि बूड स्वतःच तापते. लोखंड चुंबकीय असल्याने हा प्रवाह त्याच्या कागदाइतक्या पातळ थरात कोंडला जातो आणि रोध वाढतो. ॲल्युमिनियम व तांब्यात तसे होत नाही. म्हणून ती भांडी साध्या इंडक्शनवर तापत नाहीत. विस्तवाच्या इतिहासात प्रथमच भांडे हीच चूल झाली.

१६/ म्हणून मी फ्रिजवरचे चुंबक घेऊन आमच्या मांडणीचे ‘उत्खनन’ केले. सर्वांत खालचा थर पितळेचा : कल्हईवाला येईनासा झाल्यावर माळ्यावर गेलेला. चुंबक चिकटत नाही. मग ॲल्युमिनियम, आजीच्या भाषेत ‘जर्मन’ची पातेली आणि जुना कुकर. नाही. मग बोहारणीकडून जुन्या कपड्यांच्या बदल्यात घेतलेले स्टील. काही चिकटले, काही नाही. कारण निकेलयुक्त उत्तम स्टील बहुधा चुंबकीय नसते. शेवटी बिडाची कढई आणि लोखंडी तवा : घट्ट चिकटले. ज्या तव्याला आम्ही जुनाट म्हणत होतो, तोच नव्या यंत्राला सर्वाधिक मानवला.

१७/ थोडा हिशेब, कारण बाबांचा युक्तिवाद बचतीचा होता. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटइतकी उष्णता असते. भारतीय मानकानुसार गॅस शेगडीची कार्यक्षमता चाचणीत किमान ६८ टक्के हवी. घरात ती कमीच भरते. इंडक्शनची साधारण ८५ टक्के धरू. म्हणजे एक सिलिंडर बरोबर १३० ते १४५ युनिट वीज. या आकड्याला आपल्या बिलातील सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने गुणा, सरासरी दराने नव्हे. कारण हे युनिट आधीच्या वापरावर चढणार आहेत. आमच्या घरी बचत बाबांच्या अंदाजाहून बरीच कमी निघाली.

१८/ शिवाय २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेते. ओट्यावरचा मिक्सरचा लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. त्यावर ती चालवू नये. १६ अँपिअरचा प्लग आणि त्याला योग्य जाडीची स्वतंत्र वायर हवी. आमच्या घरी ती नव्हती. भूखंड आखला गेला तेव्हा वीज म्हणजे दिवा-पंखा. त्या काळाची कल्पना भिंतीत गाडलेली असते.

१९/ आईचा विरोध मी ‘सवय’ म्हणून मोडीत काढला होता. ती म्हणाली, “सव्वीस जुलैला वीज नव्हती. तेव्हा शेजारच्या चार घरांचं जेवण या गॅसवर झालं.” २००५ चा तो पूर आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईभर गेलेली वीज, हे दोन्ही तिचे पुरावे होते. तिच्याजवळ अनुभव होता. माझ्याजवळ कार्यक्षमतेचे टक्के.

२०/ आणि धूर? इंडक्शनला धूर नाही, हे अर्धसत्य आहे. उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएसचे कोळशावरील ५०० मेगावॅटचे केंद्र १९९५ पासून डहाणूत चालू झाले. त्याच डहाणू तालुक्याला केंद्राने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र घोषित केले होते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आज विजेत सौर-पवन ऊर्जेचा वाटा वाढतो आहे. तरी चाळीच्या गॅलरीत ठेवलेली शेगडी आठवा. धूर बाहेर ठेवायचा, ऊब आत आणायची. गॅलरी तेवढी लांब गेली.

२१/ निर्णय काय झाला? स्वतंत्र वायर ओढली आणि एक इंडक्शन घेतले. दूध, भात, डाळ त्यावर. भाकरी गॅसवर, कारण ती आरावर फुगते. निवड आईने केली, दुकानात चुंबक घेऊन तीच गेली. आजीने पहिल्यांदा चहा ठेवला, काचेवर हात फिरवला आणि म्हणाली, “यात ज्योतच नाही.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती.

२२/ मित्रहो, एक विनंती. या आठवड्यात घरातल्या सर्वांत वयस्कर स्त्रीला विचारा : तुम्ही कशाकशावर स्वयंपाक केलात? इंधन कोण आणायचे? ते कधी बदलले आणि तसे कोणी ठरवले? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. ती मध्येच थांबली, तर घाई करू नका.

धागा समाप्त.