कमरा, कॅमेरा आणि सेवाग्रामचा उजेड

उर्दूचा ‘कमरा’ आणि आपला ‘कॅमेरा’ हे नात्यातलेच शब्द. दोघांचं मूळ लॅटिन, अर्थ घुमटी छताची खोली. ‘कमरा’ हिंदुस्थानात पोर्तुगिजांबरोबर आला. काही जण अभिमानापोटी कॅमेऱ्याचं मूळ अरबीत शोधतात. त्याची गरज नाही. अकराव्या शतकात कैरोत इब्न अल-हैसमने ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली, अंधाऱ्या खोलीत छिद्रातून शिरणारा प्रकाश अभ्यासला. तेवढा मान पुरेसा आहे.

कॅमेरा आजही अंधारी खोलीच आहे. भिंग म्हणजे तिची खिडकी. खिडकी किती उघडायची ते अ‍ॅपर्चर ठरवतं, किती वेळ ते शटर. समोरच्या भिंतीवर फिल्म.

याचा उत्तम धडा आमच्या वर्धा जिल्ह्यातच आहे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींचे नात्याने नातू कनू गांधी फोटो काढू लागले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलीफ्लेक्स आला. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आश्रम खर्च देणार नाही.

पहिली अट सोपी नव्हती. मातीच्या कुटीत उजेड कमी. अ‍ॅपर्चर मोठं केलं तर मागचं-पुढचं धूसर होतं. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर हलणारा हात पुसट येतो. तिसरी अटही जाचक, कारण वाया गेलेली प्रत्येक फ्रेम पैशाची.

दुसऱ्या अटीला मात्र कॅमेऱ्याची साथ होती. रोलीफ्लेक्सला दोन भिंगं असतात. वरच्या भिंगातली प्रतिमा आरशावरून काचेवर पडते, खालचं भिंग फोटो घेतं. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून पाहायचं. समोरच्यावर काही रोखल्यासारखं वाटत नाही.

पुढे एकाच भिंगाचा एसएलआर रूढ झाला. 1949च्या कॉन्टॅक्स एसमध्ये पेंटाप्रिझम आलं आणि डोळ्याला लावून प्रतिमा सरळ दिसू लागली. जे दिसतं तेच फिल्मवर उमटतं, ही त्याची मोठी सोय. पण बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि तेवढा क्षण छायाचित्रकाराला अंधार दिसतो. रोलीफ्लेक्सचा आरसा हलत नाही. कनू गांधींनी टिपलेला क्षण त्यांना टिपतानाही दिसत होता.

आज मोबाइल क्षणात शंभर फोटो काढतो. मुलांना फोटोग्राफी शिकवायची असेल, तर आधी या तीन अटी शिकवाव्यात असं मला वाटतं. समोरच्या माणसाला त्याच्या उजेडात, त्याच्या कामात राहू द्यायचं, ही अदब त्यांत आहे.