घर, देश आणि एका मातेची लेखणी

फिलिपाईन्सचे नाव निघाले की आम्हां वसईकरांना संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण होते. वसईच्या या सुपुत्राने मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, तेथूनच ते जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले. त्यानंतर तीनशे वर्षांनी त्याच मनिला शहराच्या परिसरात स्पॅनिश सत्तेविरुद्ध क्रांतीचा वणवा पेटला. त्या क्रांतीचे एक लहानसे आत्मकथन आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते कोणा सेनापतीने लिहिलेले नाही. एका पत्नीने, एका मातेने ते १९२८ साली आपल्या तागालोग भाषेत लिहिले. तिचे नाव ग्रेगोरिया दे हेसूस.

ग्रेगोरियाबाईंचा जन्म ९ मे १८७५ रोजी मनिलाजवळच्या कालोओकान गावी एका श्रद्धाळू कॅथोलिक कुटुंबात झाला. वडील बांधकामातील कसबी कारागीर होते व गावचा कारभारही त्यांनी पाहिला होता. मुलगी अभ्यासात हुशार, शाळेच्या परीक्षेत तिने पदकही मिळवले. परंतु भावांना मनिलाला शिकायला जाता यावे म्हणून तिने आपली शाळा सोडली व बहिणीसह घरची शेती सांभाळली. पुढे देशासाठी तिने जो त्याग केला, त्याचे पहिले धडे तिने असे घरातच गिरवले होते.

आन्द्रेस बोनिफासिओ हा तरुण तिला मागणी घालू लागला, तेव्हा वडिलांनी नकार दिला. आन्द्रेस फ्रीमेसन होता आणि धर्मगुरूंच्या शिकवणुकीप्रमाणे अशा माणसाला मुलगी देणे त्यांना पटत नव्हते. अखेरीस मुलीच्या मनाचा कल पाहून त्यांनी संमती दिली. मार्च १८९३ मध्ये बिनोन्दोच्या चर्चमध्ये दोघांचा विवाहसंस्कार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ‘कातिपुनान’ या गुप्त क्रांतिसंघटनेच्या पद्धतीने त्यांचा दुसरा विवाह झाला. ७ जुलै १८९२ रोजी स्थापन झालेल्या या संघटनेचा आन्द्रेस हा एक संस्थापक होता. पहिला विवाह आईवडिलांच्या मनासाठी, दुसरा सोबत्यांच्या साक्षीने. या दोन विवाहांतच ग्रेगोरियाबाईंच्या पुढील आयुष्याची ओढाताण दिसते, असे आम्हांला वाटते.

संघटनेची कागदपत्रे, शिक्के व शस्त्रे त्यांच्या घरी ठेवलेली असत. झडती होणार अशी कुणकुण लागली की ग्रेगोरियाबाई ते सारे गोळा करून घोडागाडीत बसत आणि मध्यरात्रीपर्यंत शहराच्या रस्त्यांवरून फिरत राहत. धोका टळला की घरी परतत. याच काळात त्यांना मुलगा झाला. बापाचेच नाव त्याला ठेवले. पुढे एका पवित्र आठवड्यात लागलेल्या आगीत त्यांचे घर जळाले. आसरा शोधत या घरातून त्या घरात हिंडत असता तो चिमुकला जीव देवीच्या रोगाने दगावला. क्रांतीचा इतिहास लढायांच्या तारखा सांगतो, या लहान शवपेटीची नोंद मात्र आईच ठेवते.

ऑगस्ट १८९६ मध्ये कट उघडकीस आला. ग्रेगोरियाबाई रात्रीच्या अंधारात भातशेतांतून पळाल्या. ज्या दारी त्या आसरा मागत, त्या दारचे लोक भीतीने तोंड फिरवीत, कारण आसरा देणाऱ्यांचा छळ होत असे. पुढे त्या पतीसह राहिल्या, घोड्यावर बसायला व बंदूक चालवायला शिकल्या, उघड्या जमिनीवर झोपल्या, डबक्यातील पाणी प्यायल्या.

पण सर्वांत खोल घाव स्वकीयांनी घातला. मार्च १८९७ मध्ये तेहेरोस येथील सभेत क्रांतिकारकांत फूट पडली व एमिलिओ अगिनाल्दो अध्यक्ष निवडले गेले. नव्या शासनाने आन्द्रेसवर राजद्रोहाचा खटला भरला आणि १० मे १८९७ रोजी मारागोन्दोनच्या डोंगरात त्याला व त्याच्या भावाला ठार मारण्यात आले. आदल्याच दिवशी ग्रेगोरियाबाईंना बावीस वर्षे पूर्ण झाली होती. पतीच्या शोधात त्या डोंगर तुडवीत राहिल्या.

१० डिसेंबर १८९८ रोजी कियापोच्या चर्चमध्ये त्यांनी संगीतकार व क्रांतिसैनिक हुलिओ नाकपिल यांच्याशी विवाह केला. त्याच दिवशी पॅरिस येथे झालेल्या तहाने स्पेनने फिलिपाईन्स अमेरिकेच्या हवाली केले. मोडलेला संसार पुन्हा उभा राहत होता, देश मात्र एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात होता.

इतके सोसलेल्या स्त्रीने आपल्या आत्मकथनाचा शेवट तक्रारीने करावा, हे स्वाभाविक ठरले असते. त्यांनी तो तरुणांना दहा उपदेश करून केला. त्यांत पहिला मान आईवडिलांना दिला आहे, वीरांच्या बलिदानाची आठवण त्यानंतर येते. दुर्बळांचे रक्षण करा असे त्या सांगतात. इतिहासापुढे कोणतेही गुपित टिकत नाही, म्हणून त्याचे भय बाळगा, असेही बजावतात. ज्यांनी त्यांच्या पतीला मारले, त्यांनाही हा इशारा पोहोचला असेल. तरीही अखेरचा शब्द त्यांनी एकीसाठी राखून ठेवला. १५ मार्च १९४३ रोजी, जपानी सत्तेखालील मनिलात त्यांचे निधन झाले. देशाचे स्वातंत्र्य त्यांना पाहता आले नाही, ते १९४६ साली आले.

घर की देश, असा प्रश्न आपण अनेकदा करतो. ‘आपल्या पित्याचा व आपल्या मातेचा मान राख’ या चौथ्या आज्ञेच्या विवेचनातच ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा देशाविषयीचे कर्तव्यही सांगते. ग्रेगोरियाबाईंनी ते जगून दाखवले. भावांसाठी शाळा सोडणारी मुलगीच पुढे देशासाठी घर सोडू शकली. आपल्या मुलांना देशप्रेम शिकवायचे असेल, तर आरंभ आपल्या उंबरठ्याच्या आतच करावा लागेल.