खाकरणे ते ब्लूटूथ

परवा आमच्या दौंडच्या घरी नातू कॉटवर आडवा पडून मोबाइलवर बोट फिरवीत होता आणि पलीकडच्या टेबलावर कॉम्प्युटरचा बाण आपोआप पळत होता. मला आधी भुताटकीच वाटली.

"आजोबा, ब्लूटूथ! दहा मीटरपर्यंत चालतं."

दहा मीटर म्हणजे आमच्या जुन्या वाड्यातली ओसरी ते माजघर. माझे आजोबा ओसरीवर एकदा खाकरले की आत चहाचे आधण चढे, दोनदा खाकरले की पानाचा डबा येई. तार नाही, बॅटरी नाही. आजी माहेरी गेली की मात्र यंत्रणा बंद!

ही हौस तशी जुनी. निकोला टेस्लाने 1898 साली न्यूयॉर्कला हौदात बिनतारी लहरींवर छोटी बोट चालवून दाखविली होती. ब्लूटूथ त्या मानाने कालचे पोर. 1994 साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत त्याचे काम सुरू झाले. 1997 साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचे नाव सुचविले. राजाने माणसे जोडली, हे यंत्रे जोडणार! नाव तात्पुरते होते, ते घरच्या 'बंड्या'सारखे जन्माचे चिकटले.

पण कॉटवरून हुकूम सोडणे ही चैन. शिरूरला आमच्या दाजींची ती गरज होती. शेतीची वीज यायची रात्री, मोटर उसापलीकडच्या विहिरीवर आणि उसात बिबट्या! दाजी काठी-बॅटरी घेऊन, मोठमोठ्याने भजन म्हणत जायचे. भजन ऐकू येईनासे झाले की अक्काचा जीव टांगणीला.

पुढे स्टार्टरला सिमकार्डाची पेटी जोडायची सोय निघाली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या अशाच 'नॅनो गणेश'ला 2009 साली नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. फोन लावून आकडे दाबले की मोटर सुरू, आणि तिकडे वीज आहे की नाही तेही घरबसल्या कळते. इथे ब्लूटूथचे दहा मीटर अंगणातच संपले असते. मोबाइलच्या टॉवरने विहीर गाठली.

दाजींनी पेटी बसवली त्या पहिल्या रात्री घरातूनच मोटर लावली आणि सवयीने वहाणा घालून काठी उचलली.

"अहो, आता कुठं निघालात?" अक्का म्हणाली.

दाजी ओशाळून परत फिरले. कित्येक वर्षांनी अक्का त्या रात्री दहाला झोपली.

हे ऐकून नातू गप्प झाला. मी हळूच खाकरून पाहिले. चहा काही आला नाही.