प्लॅटिनमचे औषध आणि मूत्रपिंड

सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यांनी १८४४ मध्ये तयार केले. पुढची १२० वर्षे त्याचा औषधाशी संबंध आला नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते नुसतेच लांबत गेले. हा परिणाम विजेचा नसून प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून द्रावात उतरलेल्या संयुगांचा होता. १९६९ मध्ये सिस्प्लॅटिनसह याच संयुगांनी उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी विरघळवल्या.

१९७०च्या दशकाच्या आरंभी माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. गाठी आक्रसल्या, पण मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि औषध बाजूला पडण्याची वेळ आली. त्याला वाचवले ते पाण्याने. औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन दिले, लघवीचे प्रमाण वाढवणारे मॅनिटॉल जोडले, तर मोठी मात्राही सोसते, हे १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवले. डिसेंबर १९७८ मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

धातू मूत्रपिंडात नेमका कुठे साचतो, हे दिसायला आणखी वेळ लागला. पूर्वी ऊतक आम्लात विरघळवून एकूण प्लॅटिनम मोजत. त्यात जागेचा पत्ता पुसला जाई. लेझरच्या पद्धतीने ती अडचण दूर केली. मूत्रपिंडाचा अतिशय पातळ काप काचेवर ठेवतात. लेझरचा किरण त्यावरून ओळीओळीने फिरतो, उडालेले कण आर्गॉन वायूबरोबर तप्त प्लाझ्मात जातात आणि वस्तुमानमापक प्रत्येक बिंदूवरचे प्लॅटिनम मोजतो. २००७ मध्ये जर्मनीतील युलिश येथे उंदराच्या मूत्रपिंडातील प्लॅटिनम, तांबे व जस्त यांचे असे नकाशे प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी हीच पद्धत मूत्रपिंड वाचवणारी औषधे पारखण्यासाठी वापरली. प्लॅटिनम सगळीकडे सारखे पसरत नाही. बाहेरचा थर जिथे आतल्या गाभ्याला मिळतो, त्या पट्ट्यात ते जास्त साचते. समीपस्थ नलिकांचा शेवटचा भाग इथेच असतो. तिथल्या पेशी रक्तातून औषध ओढून घेतात, त्यामुळे पहिला घाव त्यांच्यावरच बसतो.

महाराष्ट्रात या औषधाचा इतिहास मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाशी जोडलेला आहे. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. तिथे गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगाच्या ८५० स्त्रियांचा अभ्यास झाला. किरणोपचाराला सिस्प्लॅटिनची जोड दिल्यावर पाच वर्षांनी ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या. नुसत्या किरणोपचाराने हे प्रमाण ४६ टक्के होते. तोंड-घशाच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. एका गटाला दर आठवड्याला लहान, तर दुसऱ्याला दर तीन आठवड्यांनी मोठी मात्रा दिली. मोठ्या मात्रेने रोग अधिक आटोक्यात राहिला, पण तीव्र दुष्परिणामही अधिक झाले. दोन्ही निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचासारख्या गावातून 'टाटाला नेणे' म्हणजे प्रवास, मुक्काम आणि पैसा या तिन्हींचा प्रश्न. २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. तिच्यामुळे केमो आणि किरणोपचाराचा खर्च अनेक गरीब कुटुंबांच्या आवाक्यात आला.

औषध मिळाले तरी पाण्याचा नियम सुटत नाही. खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. त्यात उलट्या झाल्या आणि पाणी कमी पडले, तर मूत्रपिंडावरचा ताण वाढतो. म्हणून प्रत्येक फेरीआधी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासतात, सलाईनमध्ये मॅग्नेशियम घालतात, लघवी मोजतात आणि डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळ्या घेऊ देत नाहीत. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल, तर कार्बोप्लॅटिन या तुलनेने सौम्य भावंडाचा विचार होतो. उपचारानंतरही तपासणी सोडता येत नाही, कारण वृषणाच्या कर्करोगातून बरे झालेल्यांच्या लघवीत वीस वर्षांनंतरही प्लॅटिनमचा अंश आढळला आहे.