बंड्याची अर्धी गोळी

गेल्या पावसाळ्यात एका रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी बंड्याला पहिली फिट आली. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. ब्रीड विचाराल तर शुद्ध सारसोळे :) बाबांनी जेट्टीच्या रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू, आता वय वर्षं तेरा. आधी काहीतरी आपटल्याचा आवाज आला. दिवा लावला तर हा आडवा पडलेला, चारही पाय सायकल मारल्यासारखे हलतायत, तोंडाला फेस, खाली लघवीचं थारोळं. आई देवाचं नाव घेत होती आणि मी, चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, हातात मोबाईल घेऊन नुसता उभा होतो. सगळा प्रकार दीड मिनिटाचा असेल. मला अर्धा तास वाटला.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगभर झालं. एक काका म्हणाले, पिसाळलाय, महापालिकेला कळवा. कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी मावशी म्हणाली, चप्पल हुंगव, नाहीतर कांदा फोडून नाकाला लाव. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हळूच म्हणाल्या, अमावस्या होती काल. एकाच दीड मिनिटाची ही तीन निदानं. डॉक्टरांचं चौथं निदान संध्याकाळी मिळालं, सोबत एक छोटी पांढरी गोळी. फेनोबार्बिटोन. अर्धी सकाळी, अर्धी रात्री, बरोबर बारा तासांनी. मग पुढचे दोन-तीन विकांत मी ही गोळी आली कुठून तेच वाचत बसलो.

सुरुवात शब्दापासून. चरकसंहितेत ‘अपस्मार’ आहे: स्मृती निघून जाणे. तोंडाला फेस, हातपाय झाडणं, सगळं वर्णन आहे आणि वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक असे चार प्रकारही. नटराजाच्या पायाखाली जो बुटका असुर असतो त्याचंही नाव अपस्मारच. (आमच्या खाडीतून पुढे गेलं की घारापुरी. तिथे नटराज आहे, पण मूर्तीचा खालचा भाग फुटलेला, त्यामुळे अपस्मार गायब. बंड्याकडे आलाय बहुतेक.)

ग्रीसमध्ये या रोगाला पवित्र रोग म्हणत, म्हणजे देवाचा कोप. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या, साधारण इसवी सनापूर्वी ४०० च्या एका ग्रंथाने त्याला विरोध केला: यात पवित्र वगैरे काही नाही, हा मेंदूचा आजार आहे. आणि पुरावा काय, तर शेळी! शेळ्यांनाही हे झटके येतात, अशा शेळीचं डोकं उघडून बघा, आत पाणी भरलेलं आणि घाण वास येणारा मेंदू दिसेल. म्हणजे शेळीचं दुखणं देवाच्या अंगावर ढकलता येत नाही. मला हा युक्तिवाद फार आवडला.

पण प्राण्याला फिट येते हे माहीत असणं वेगळं आणि त्यावर उपचार करावेसे वाटणं वेगळं. त्यातून कुत्रा असेल तर लोकांच्या डोक्यात आधी रेबीजच येणार. आमच्या काकांचं अगदीच चूक नव्हतं. लस घेतल्याचा पत्ता नसलेल्या कुत्र्याला झटके आले तर आजही डॉक्टर आधी तोच विचार करतात आणि तोंडाजवळ हात नेऊ नका म्हणून बजावतात. एकोणिसाव्या शतकात मात्र पुढचा विचारच नव्हता. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्रे मारायची मोहीम चालवली, मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळायचे. त्यावरून पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. त्याच शहरात पुढे परळला दिनशा पेटिटांच्या देणगीतून जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल जॉन हेन्री स्टील यांचं कुत्र्यांच्या आजारांवरचं जाडजूड पुस्तक १८८८ मध्ये आलं. दंगलीपासून पुस्तकापर्यंत ५६ वर्षं.

आता बर्लिन, १८७०. इथे मी बराच अडकलो.

गुस्ताव फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग हे दोन तरुण डॉक्टर. मेंदूच्या वरच्या थराला वीज लावली तर काही होत नाही, असं तेव्हाचे मोठमोठे लोक म्हणत. या दोघांकडे धड लॅबही नव्हती, म्हणून प्रयोग हिट्झिगच्या घरी. त्याच्या बायकोच्या ड्रेसिंग टेबलवर, असं सांगतात. कुत्र्याची कवटी उघडायची आणि ठरावीक जागी अगदी हलका करंट द्यायचा. करंट किती, तर स्वतःच्या जिभेला लावून जेमतेम जाणवेल एवढा. एका जागी वीज दिली की समोरच्या बाजूचा पुढचा पाय हलायचा, दुसऱ्या जागी दिली की मागचा, तिसऱ्या जागी चेहरा. आणि काही कुत्र्यांना वीज बंद केल्यावरही झटके येत राहिले. सरळ फिट.

हे वाचताना बंड्या पायाशी झोपला होता. लॅपटॉप बंद करून जरा गॅलरीत जाऊन आलो.

त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन नुसतं बघून तिथेच पोचत होता. फिट कुठून सुरू होते, अंगठ्यापासून की ओठापासून, मग कुठे पसरते, हे तो चिकाटीने टिपायचा. त्याच्या बायकोला स्वतःलाच तसे झटके यायचे. १८७६ मध्ये ती गेली. फिट म्हणजे मेंदूच्या करड्या भागात अचानक झालेला जास्तीचा डिस्चार्ज, ही त्याची कल्पना आज कुठलाही डॉक्टर मान्य करेल.

औषधाची गोष्ट मात्र अगदीच गमतीशीर. १८५७ च्या मे महिन्यात, म्हणजे इकडे मेरठला उठाव झाला त्याच दिवसांत, तिकडे राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी लंडनच्या एका सभेत सांगितलं की पोटॅशियम ब्रोमाइडने काही बायकांच्या फिट थांबल्या. कारण काय, तर ब्रोमाइडने कामवासना कमी होते आणि फिटचं मूळ तेच! लॉजिक साफ चुकलेलं, तरी पॅच चालला. कुत्र्यांना ब्रोमाइड आजही देतात, पण ते शरीरात इतकं हळू साचतं की पूर्ण पातळीला यायला तीन-चार महिने लागतात.

मग १९१२. बायरने ल्युमिनाल नावाचं झोपेचं औषध आणलं. फ्रायबुर्गमध्ये आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर फिटच्या रुग्णांच्या वॉर्डवर होता. गोष्ट अशी सांगतात की रात्री रुग्णांच्या धडपडीने त्याची झोपमोड व्हायची, म्हणून त्याने ते शांत झोपावेत यासाठी ल्युमिनाल दिलं. खात्रीचं एवढंच की ब्रोमाइडला न जुमानणाऱ्या रुग्णांच्या फिट दिवसाही कमी झाल्या आणि त्याने ते त्याच वर्षी छापलं. ल्युमिनाल म्हणजेच फेनोबार्बिटोन. बंड्याची गोळी.

पुढचं वाचून मात्र तोंड कडू झालं. १९३३ च्या जर्मन कायद्यात सक्तीच्या नसबंदीच्या यादीत आनुवंशिक अपस्मारही होता. हाउप्टमान ज्यू, १९३५ मध्ये त्याची हालेची प्राध्यापकी गेली, १९३८ मध्ये त्याला डाखाऊला नेलं, नंतर तो कसाबसा अमेरिकेत पोचला. १९४८ मध्ये बॉस्टनला वारला. आणि युद्धकाळात नाझी डॉक्टरांनी अपंग मुलांना, मनोरुग्णांना हळूहळू मारायला जे औषध वापरलं ते ल्युमिनालच. नाव दिलं होतं दयामरण.

आपणही फार वरचढ नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार फिट येणं वेडाच्या रांगेत बसवलं आणि लग्नाच्या आड आणलं. तो शब्द निघाला १९९९ मध्ये. मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो, पण आजीकडे लग्न जमवताना ‘मुलीला काही येत नाही ना?’ हा प्रश्न त्यानंतरही ऐकलाय.

१९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांना विजेचे झटके देऊन फेनिटॉइन शोधलं. माणसांना ते लागू पडलं, पण कुत्र्यांचं शरीर ते इतक्या झपाट्याने संपवतं की उपयोग होत नाही. म्हणून कुत्र्यांसाठी अजूनही पहिली पसंती बहुधा ही १९१२ सालची गोळीच.

असो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: साध्या अपस्माराची पहिली फिट बहुधा एक ते सहा वर्षांच्या वयात येते. तेराव्या वर्षी आली म्हणजे यकृत, मूत्रपिंड, साखर तपासायची. ते ठीक निघालं तर मेंदूत गाठ असण्याची शक्यता. बंड्याचं रक्त ठीक निघालं. पुढचा स्कॅन भूल देऊन करावा लागला असता. आम्ही नाही केला.

पहिले दोन आठवडे तो दारू प्यायल्यासारखा चालायचा. अजून सारखं पाणी पितो, भूक राक्षसासारखी. गोळी अचानक बंद करायची नाही, नाहीतर फिट उलटून येतात, म्हणून एक पाकीट कायम जास्तीचं. फिट आली की फर्निचर सरकवायचं, तोंडात काही घालायचं नाही (मावशी, सॉरी, चप्पलही नाही), पंखा लावायचा, दिवा मंद करायचा आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली की थेट दवाखाना.

काकांनी मध्यंतरी परत विषय काढला, आता ‘दया’ दाखवा म्हणाले. डॉक्टरही एकदा बोलले होते, पण त्यांचे शब्द वेगळे होते: फिटच्या मधल्या दिवसांत तो बंड्या असतो का, ते वहीत लिहीत जा. म्हणून फ्रीजवर वही आहे. तारीख, वेळ, सेकंद, आधी काय, नंतर उठायला किती वेळ. शेवटचा रकाना आईने वाढवला: ‘दारापर्यंत आला का’. ऑगस्टमध्ये पाच फिट, सप्टेंबरमध्ये दोन, ऑक्टोबरमध्ये एक, ४० सेकंद. शेवटच्या रकान्यात फक्त चार दिवस ‘नाही’.

नऊ वाजत आलेत. गोळी पेढ्यात लपवावी लागते, हल्ली तो पोळीतून बरोबर बाजूला काढतो.