संगणकाने मराठी कशी शिकली

स्मरणिका समितीने मला ‘संगणकाच्या इतिहासातील टप्पे’ हा विषय दिला. हा इतिहास १९४६ च्या एनिॲकपासून सांगायची पद्धत आहे: सुमारे १८,००० व्हॉल्व्ह आणि ३० टन वजन. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला टिफ्रॅक १९६० साली कामाला लागला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने तीनच वर्षांत ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला होता, त्याला दिलेले हे उत्तर.

परमचे कौतुक सगळ्यांनीच ऐकले आहे. पण सणसरच्या मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांसाठी त्याहून मोठे काम त्याच संस्थेत शेजारी चालले होते, असे माझे मत आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेत ठरलेल्या ‘ॲस्की’ तक्त्यात जागा १२८. त्यात इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसली; आपल्या ‘क’ला जागाच नव्हती. “कॉम्प्युटर शिकायचाय? मग आधी इंग्रजी पक्कं कर,” हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. उणीव मात्र त्या तक्त्यात होती, आपल्यात नव्हती.

आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुढे सी-डॅकमध्ये आले. जिस्टचे कार्ड साध्या पीसीत बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आले. त्यातली युक्ती मला आजही आवडते. मराठी, बंगाली, तेलुगू या लिप्या दिसायला वेगळ्या, पण वर्णमाला एकाच घडणीची. म्हणून सगळ्यांच्या ‘क’ला एकच आकडा! इनस्क्रिप्ट कीबोर्डही तसाच: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’. पहिलीतली बाराखडी ज्याची पक्की, त्याला हा कीबोर्ड लवकर येतो.

छपाईच्या दुनियेत मात्र निराळाच गोंधळ झाला. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या फॉन्टमधली मराठी चित्रे बसवली. पडद्यावर मराठी दिसे, आत इंग्रजीच. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की सगळी अगम्य चिन्हे. लग्नपत्रिकांपासून संस्थांच्या अहवालांपर्यंत कितीतरी मजकूर असा अडकून पडला.

त्यातून सुटका केली युनिकोडने. त्यातली देवनागरी इस्कीवरच बेतलेली आहे. विंडोज २००० मध्ये ती आली आणि ‘सणसर’ला जगभर चार ठरलेले आकडे मिळाले. काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. आपल्या गावाचे नाव संगणकाला अगदी सोपे. अवघड आहे तो ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द. ‘ऱ्या’मधला अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला पावलोपावली लागतो. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले आकडे वेगळे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्याची सोय केली नसेल, तर एका प्रकारे शोधलेला शब्द दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या यादीत सापडत नाही. ‘शेतकऱ्यांचा’ न सापडणारी यादी आपल्या उसाच्या पट्ट्यात काय कामाची?

तुमच्यापैकी कोणाकडे जुन्या फॉन्टमधले शाळेचे अहवाल, भाषणे, वर्गाच्या याद्या पडून असतील, तर फाईल माझ्याकडे पाठवा. फॉन्टचे नाव आठवत असेल तर तेही कळवा. युनिकोडमध्ये बदलून परत देते.