भोगवर्धनची माणसं आणि आमचं केदारखेडा

आमच्या भागातली मुलं पुण्या-मुंबईला शिकायला, नोकरीला गेली की एक गोष्ट हमखास करतात. "गाव कोणतं?" असं कुणी विचारलं की "जालना" म्हणून मोकळी होतात. समोरचा जास्तच खोलात शिरला तर "भोकरदनकडे" म्हणतात. केदारखेडा हे नाव काही तोंडातून निघत नाही. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? पूर्णेच्या काठचं, जालना-भोकरदन रस्त्यावरचं गाव. नावात केदार आहे, तसं खेडंही आहेच!

पण मंडळी, ज्या भोकरदनचं नाव ही मुलं जरा चाचरत घेतात, त्याच गावचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी लोक अभिमानाने दगडावर कोरून घेत होते. ती हकीकत आज सांगतो. शिकवायची सवय काही जात नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं, सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं नगर. त्याचं नाव थेट मध्य प्रदेशातल्या सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत सापडतं. आता सांचीचा स्तूप आपण राजाचं काम म्हणून ओळखतो. मूळ स्तूप अशोकाचा, हे खरंच. पण पुढे त्याला जे दगडी कठडे, फरसबंदी, तोरणं झाली, त्यासाठी शेकडो सामान्य माणसांनी दान दिलं. व्यापारी, कारागीर, गृहिणी, भिक्षू, भिक्षुणी. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी शिळा. त्या दगडावर नाव कोरलं जायचं आणि बऱ्याचदा नावासोबत गावही. त्यात भोगवर्धनचे लोक आहेत. आपल्या मुलखापासून इतक्या लांब, ओळखीचं कुणी नसताना, त्या माणसांनी गावाचं नाव लपवलं नाही.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते हे त्यातले प्रमुख संशोधक. त्यात इतर वस्तूंबरोबर हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती निघाली, तीही अर्धवट तुटलेली. पण तिची घडण इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी फार जुळते. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिकडे पोहोचलेली होती. ती आपल्याच भागात घडली असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे. मत आहे, शिक्कामोर्तब नाही, हे लक्षात ठेवूनही छाती जराशी फुगतेच की नाही?

फुगू द्या. पण पुढचंही ऐका. ते नगर वाटेवर जगत होतं. रोमचा व्यापार आटला, सातवाहन गेले, आणि भोगवर्धनचं वैभवही ओसरलं. त्यानंतर आमच्या भागाचं नाव जगात गाजलं ते एका लढाईने. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईला, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. असईचं नाव इंग्रजी पलटणींच्या निशाणांवर गेलं, मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हात असईचा हत्ती आला. असई गावाला त्यातून काय मिळालं? काही नाही. नुसतं नाव मोठं झाल्याने गाव मोठं होत नाही, हे यावरून दिसतं.

मग गाव उभं कशाने राहतं? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, आमच्याच जिल्ह्यात आहे. जालना तालुक्यातलं कडवंची. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, पोटासाठी बाहेर पडावं अशीच परिस्थिती. १९९६ पासून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम सुरू झालं. विजयअण्णा बोराडे यांची मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र पाठीशी होतं. काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, सगळ्यात शेवटी नाल्यावरचे बांध. धावतं पाणी चालायला लावायचं, चालणारं थांबवायचं, थांबलेलं जिरवायचं. या कार्यक्रमात श्रमदानाचा वाटा गावाने उचलायचा असे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची असे. पुढे घरोघरी शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा टँकरवर होता, तेव्हा कडवंचीच्या बागा पाहायला बाहेरून लोक येत होते.

तसं पाहिलं तर १९७२ च्या दुष्काळातही रोजगाराच्या कामांवर आपल्या लोकांनी खूप खडी फोडली, खूप बांध घातले. पण ते काम सरकारचं होतं आणि आपण मजूर. कडवंचीत बांध स्वतःचे होते. हिवरे बाजारलाही पोपटराव पवारांनी १९८९-९० पासून हेच केलं. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरवायचं. बाहेर गेलेली कुटुंबं तिथे परत आली.

आता मला खटकतं ते असं. आपल्याकडे गावाचा अभिमान नाही असं मुळीच नाही. मंदिराचा कळस, वेशीवरची कमान यांसाठी वर्गणी मागितली की पुण्यातलीही पोरं पैसे पाठवतात, आणि पाठवावेतही. पण कमानीखालून आत गेलं की ओढा गाळाने भरलेला असतो, विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतात. कमान पाहायला गावात माणूस राहिला तर पाहिजे!

सांचीच्या त्या दात्यांकडे पुन्हा एकदा बघा. एकट्याने कुणी स्तूप बांधला नाही. प्रत्येकाने एकेक शिळा दिली, जमेल तेवढी, आणि शेजारी गावाचं नाव लावलं. कडवंचीतही तेच झालं, फक्त शिळेऐवजी घमेलं होतं, आणि दिलेलं दान आपल्याच शिवारात राहिलं. भोगवर्धनचा पैसा वाटेबरोबर आला आणि वाटेबरोबर गेला. जमिनीत मुरलेलं पाणी असं निघून जात नाही.

म्हणून बाहेरगावी असलेल्या आमच्या सगळ्या भाचे-पुतण्यांना, नातवंडांना सांगणं आहे. पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा की आपल्या शेताच्या वरच्या अंगाला पाणी कुठून येतं आणि कुठे निघून जातं. तेवढं पाहून या. कमानीला जितकी वर्गणी दिली तितकीच एकदा त्या ओढ्याच्या गाळासाठी द्या. आणि कुणी गाव विचारलं तर आधी केदारखेडा म्हणा. जालना नंतर सांगितलं तरी चालेल.